टॉकीजचा हॉर्न आमच्या सोप्यात

अब्बांनी रेकॉर्ड लावणे नेमके कधी बंद केले, ते आम्हाला सांगता येणार नाही. जुम्म्याची नमाज, मग जेवण, मग तासभर आडवे होणे आणि उठल्यावर सोप्यातल्या कपाटातून एक तबकडी काढून मलमलच्या फडक्याने पुसणे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. एका शुक्रवारी आमच्या लक्षात आले की कपाटाच्या कडीवर धूळ बसली आहे. विचारले तेव्हा म्हणाले, "झिजल्या त्या. आवाजच बसलाय त्यांचा." आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि एका सुरात म्हणालो, "होय अब्बा, फार जुन्या झाल्या आता."

हे खोटे होते. रेकॉर्डी होत्या तशाच होत्या. कमी झाले होते ते अब्बांचे ऐकणे. टीव्हीचा आवाज वाढत चालला होता. फोनवर नातीने काय विचारले ते न कळता "खुश रहो बेटा" म्हणून ते फोन ठेवून देत. जेवताना काहीही विचारले तरी "हो" म्हणत. सगळ्या घराला हे ठाऊक होते आणि सगळे घर गप्प होते.

आम्ही म्हणजे तीन भावंडे. थोरले भाईजान बँकेत आहेत, घरचा हिशेब त्यांच्याकडे. आपा सांगलीला दिलेली, शाळेत शिकवते. धाकटा वायरिंगची कामे घेतो आणि सोल्डरच्या वासावर जगतो. आमचे घर मिरजेचे. ज्या गावात खानसाहेब अब्दुल करीम खाँ राहिले, ज्या गावच्या मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या आठवणीसाठी आजही गाणे होते, त्या गावचे. खानसाहेब १९३७ साली गेले. त्यापूर्वीच्या काही वर्षांत ओडियन कंपनीने त्यांच्या ज्या रेकॉर्डी काढल्या, त्यांतल्या चार आमच्या आजोबांनी घेतल्या होत्या. आजोबांनी त्यांना समोर बसून ऐकलेले. अब्बांनी फक्त रेकॉर्डीवर ऐकले, पण आयुष्यभर ऐकले.

अब्बा चौतीस वर्षे टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. कार्बन पेटवायचा, रीळ बदलायचे, आणि खेळ सुरू होण्यापूर्वी पडद्यामागे जाऊन हॉर्नवरची धूळ झटकायची. पडद्याला बारीक छिद्रे असतात आणि आवाज त्यातून येतो, हे आम्हाला लहानपणी त्यांनीच दाखवले. पडद्यामागे माणसाएवढे लाकडी खोके आणि त्यावर काळा हॉर्न. अब्बा त्याला 'उस्ताद' म्हणत. फावल्या वेळात ते मशिदीचे आणि लग्नाच्या मांडवातले माईक दुरुस्त करून देत. मशिदीच्या ॲम्प्लिफायरचे बटण मात्र नेहमी कमी करून ठेवत. "अजान समजली पाहिजे, कान दुखायला नकोत," असे त्यांचे म्हणणे.

आपाने शेवटी त्यांना सांगलीच्या तपासणीकडे नेले. कानाचा आलेख काढला. एक हजार हर्ट्झपर्यंत रेषा बरी होती, दोन हजारांपासून उतरायला लागली होती आणि चार हजारांवर खोल गेली होती. वयाबरोबर असेच होते म्हणाले. आधी बारीक, उंच आवाज जातात. 'स', 'श', 'त', 'क' ही अक्षरे पुसट होतात, म्हणून माणूस म्हणतो, "ऐकू येते, पण समजत नाही." त्यात चौतीस वर्षे केबिनमध्ये, यंत्राच्या खडखडाटाशेजारी. दिवसभर मोठ्या आवाजात काम करणाऱ्या घरातल्या माणसासाठी एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत कानाला सोसतो. त्यापुढे आवाज वाढत जाईल तशी वेळ झपाट्याने कमी करावी लागते.

यंत्रे घेतली. अब्बांनी आठवडाभर लावली आणि खणात ठेवून दिली. "यात गाणे पत्र्याच्या डब्यात बसून गायल्यासारखे वाटते," म्हणाले. आम्ही फार आग्रह केला नाही. त्यांना लाज वाटते असे आम्हाला वाटले. लाज आम्हालाही वाटत होती.

मग एक दिवस धाकटा सांगत आला की टॉकीज पाडायला काढले आहे आणि पडद्यामागचा माल भंगारवाल्याने उचलला आहे. त्या रात्री आमच्या डोक्यात कल्पना आली. अब्बांच्या कानाला ज्या आवाजाची सवय, तोच घरी आणला तर? आपाने तपासणीवाल्यांना विचारले. त्यांनी स्पष्ट सांगितले की हा काही इलाज नव्हे. पण हॉर्नचा आवाज चहूकडे न पसरता ऐकणाऱ्याकडे सरळ येतो, भिंतींवर आपटून घुमणारा भाग कमी असतो, आणि अशा कानाला ते सोपे जाते. आवाज मोठा नको, स्वच्छ हवा. भाईजानांनी घराच्या रंगासाठी ठेवलेल्या पैशातले तीस हजार मोजून बाजूला काढले आणि बजावले, "यापुढे एक रुपया नाही. छंदासाठी उधळपट्टी म्हणजे इस्राफ."

इथून आमची शोधाशोध सुरू झाली. वाचकांपैकी कुणाच्या घरी असा विचार चालू असेल, तर जे समजले ते सांगतो.

हॉर्न म्हणजे नुसता कर्णा. खरा आवाज काढते ते त्याच्या मागे बसवलेले जड डबके. माईकवाले त्याला 'युनिट' म्हणतात, पुस्तकी नाव कंप्रेशन ड्रायव्हर. आत पातळ पत्र्याचा घुमट असतो, तो डायफ्रॅम. त्याच्या कडेला बारीक तारेची कॉइल, ती चुंबकाच्या फटीत हलते. युक्ती अशी की घुमटासमोरची वाट घुमटापेक्षा खूप अरुंद केलेली असते. हवा दाबली जाते आणि त्या अरुंद घशातून हॉर्नमध्ये हळूहळू मोकळी होते. घुमटाच्या मधल्या आणि कडेच्या भागातून निघालेला आवाज एकाच वेळी घशाशी पोचावा म्हणून मध्ये चिरा पाडलेला एक तुकडा बसवतात. साधा कागदी शंकूचा स्पीकर शंभरातला एखाद-दोन वॅट आवाजात बदलतो. असे युनिट हॉर्नवर वीस-पंचवीसपर्यंत जाते.

ही करामत अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वेंट आणि थुरास या दोघांनी केली. वेस्टर्न इलेक्ट्रिकचे '५५५' युनिट १९२६चे. त्या काळी मोठे ॲम्प्लिफायर नव्हतेच. दहा-बारा वॅटच्या आसपास ताकदीवर हजार माणसांना ऐकवायचे, म्हणून हॉर्नशिवाय गत्यंतर नव्हते. १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि आपल्याकडचा पडदा बोलू लागला. पुढे जेम्स लान्सिंग या कारागिराने आधी अल्टेक लान्सिंग आणि मग स्वतःच्या जेबीएल कंपनीतून जी युनिटे काढली, त्यांना आजही जगभर मागणी आहे.

मागणी आहे म्हणूनच घोटाळा होतो. ५५५च्या नावाने धाकट्याचे डोळे चमकत. पण त्यात कायमचा चुंबकच नाही. चुंबकाच्या कॉइलला ७ व्होल्टचा, दीड अँपिअरचा वेगळा पुरवठा द्यावा लागतो, आणि किंमत ऐकायचीसुद्धा आमची ऐपत नव्हती. मग मुंबईतल्या एका विक्रेत्याकडे जेबीएल २४४०ची जोडी असल्याचे कळले. हे १९५४ साली आलेल्या ३७५चे भावंड. चार इंची कॉइल, दोन इंची घसा. धाकटा आणि भाईजान रात्रीच्या गाडीने गेले. मागणी लाखाच्या वर. तरी भाईजानांनी एकच विचारले, "मागचे झाकण उघडून दाखवाल?" तीन-चार स्क्रूंचे काम. विक्रेता म्हणाला, "उघडल्याने खराब होते." मागचे झाकण काढल्याने काही खराब होत नाही. आतला डायफ्रॅम मूळचा की बदललेला, चेमटलेला की सरळ, ते मात्र लगेच दिसते. दोघे परत आले.

दुसरे एक युनिट स्वस्त होते, अल्टेक ८०२. एक इंची घशाचे, देखणे. पण ते चालते आठशे हर्ट्झच्या वर. त्याखालचे सगळे वूफरने म्हणायचे. म्हणजे गाणाऱ्याच्या गळ्याचे मधोमध दोन तुकडे होणार. मोठ्या डायफ्रॅमचे युनिट पाचशेपासून घेता येते. तुकडे तेव्हाही होतात, पण सांधा खाली जातो आणि गळ्याचा मुख्य भाग एकाच तोंडातून येतो. अब्बांच्या कानाचा जो भाग शाबूत होता तो नेमका तिथलाच, पाचशे ते दीड-दोन हजार. दहा हजारांच्या वर कुठले युनिट किती जाते याची चर्चा आम्हाला निरर्थक होती. त्या काळच्या तबकड्यांवर तेवढे वरचे काही कोरलेलेच नसते.

कुणी सुचवले की मशिदीवरच्या भोंग्याचे साधे युनिट लावा. त्याचा डायफ्रॅम बहुधा फिनॉलिकचा, म्हणजे राळेत बुडवलेल्या कापडासारखा. मजबूत, मार खाणारा, बोलणे लांब पोचवणारा. गाण्याची नजाकत त्याच्या वाट्याला येत नाही. आणखी एक रास्त सल्ला मिळाला की नवेच घ्या. तो सल्ला आम्हीही देऊ. ज्यांना जुन्याचा सोस नाही, त्यांनी चांगल्या कंपनीचे नवे युनिट घ्यावे, डायफ्रॅम सहज मिळतो आणि डोकेदुखी वाचते. पण आम्हाला अब्बांचा उस्ताद हवा होता.

भंगारवाल्याच्या वखारीत हॉर्नचा पत्रा आधीच कापून चेपला होता. लाकडी खोके सरपणाला गेले होते. कोपऱ्यात मात्र दोन युनिटे अजून एका दुतोंडी घशाला घट्ट बसलेली सापडली. टॉकीजच्या मालकांनी सत्तरच्या दशकात मुंबईच्या एका थिएटरचा जुना संच आणला होता, त्यातली. झाकणावर धूळ पुसल्यावर अल्टेकचे नाव आणि २८८ हा आकडा दिसला. पावणेतीन इंचांच्या आसपासचा अ‍ॅल्युमिनियमचा डायफ्रॅम, १.४ इंची घसा, पाचशेपासून चालणारे. प्रत्येकी दहा किलोंच्या वर वजन, कारण आत अल्निकोचा चुंबक. भंगारवाल्याने काट्यावर टाकले, किलोचा भाव लावला आणि सव्वीसशे रुपये मागितले. आम्ही घाईघाईने पैसे दिले आणि रिक्षात घालून घरी आणले. धाकटा रस्ताभर हसत होता.

अब्बांनी युनिटांवरून हात फिरवला. पंचवीस वर्षांनी भेटलेल्या माणसाचा चेहरा चाचपावा तसा. मग विचारले, "कितीला?" धाकट्याने फुशारकीने आकडा सांगितला, दोनदा सांगावा लागला. अब्बा म्हणाले, "त्याला सांगितले का, हे काय आहे?"

आम्ही गप्प.

"त्याला माहीत नव्हते आणि तुम्हाला होते. मग हा सौदा कसला? जा, सांगून या."

भाईजान आणि धाकटा दुसऱ्या दिवशी परत गेले. हे लोखंड नाही, चालू असतील तर यांची किंमत पन्नास हजारांच्याही पुढे जाईल, आणि आमच्याकडे एवढे पैसे नाहीत, हे तिन्ही सांगितले. भंगारवाला बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग चहा मागवला. घासाघीस झाली ती उलट्या बाजूने. शेवटी अठरा हजारांवर ठरले, निम्मे रोख आणि निम्मे ईदनंतर. निघताना त्याने तो दुतोंडी घसाही दिला, "हा कुणाला विकू मी?" म्हणून.

मल्टीमीटर लावला तर दोन्ही युनिटांचा आकडा जवळजवळ सारखा आला. तारा शाबूत होत्या. कमी आवाजात एकेक सूर सोडून ऐकले, कॉइल फटीत घासत असती तर भुणभुण आली असती, ती आली नाही. एक चूक मात्र आम्ही जाणून टाळली. चुंबकाची वरची तबकडी कधी काढायची नसते. अल्निकोचा चुंबक असा उघडा पडला की त्याची ताकद जाते, मग तो पुन्हा भारून आणावा लागतो.

दुसरी चूक टाळली नाही. धाकट्याला धीर नव्हता. त्याने एक युनिट सरळ ॲम्प्लिफायरला जोडले, मध्ये कंडेन्सर न घालता. बटण चालू होताच जो ठोका बसला, त्यात कॉइल जळाली. युनिटाला वरचे सूर सोसतात, खालचा धक्का सोसत नाही. पाचशे हर्ट्झला, सोळा ओहमच्या युनिटासाठी सुमारे २० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मध्ये असता तर ते वाचले असते. धाकटा दोन दिवस जेवला नाही. अब्बांना काय सांगायचे याची आम्ही तिघांनी मसलत केली, "आधीच बंद होते म्हणू" असेही ठरत आले होते. तेवढ्यात अब्बाच आले, युनिट नाकाजवळ नेले आणि म्हणाले, "जळाल्याचा वास येतोय. माझ्याही हातून एकदा असेच गेले होते, इंटरव्हलमध्ये." एवढेच.

दुसरे युनिट शिल्लक होते. आणि तेव्हा भाईजानांना सुचले ते आम्हा कुणाला सुचले नव्हते. "जोडी हवीय कशाला? अब्बांच्या रेकॉर्डी मोनो आहेत. एकच हॉर्न पुरे." खर्च निम्म्यावर आला. जळालेले युनिट आता फडक्यात गुंडाळून ठेवले आहे, पैसे साठले की त्याला नवा डायफ्रॅम मागवू, इन्शाअल्लाह.

हॉर्न लाकडाचा करायचे ठरले. पाचशे हर्ट्झच्या लाटेची लांबी ६८ सेंटीमीटर. हॉर्नच्या तोंडाचा घेर त्याहून चांगला मोठा हवा, नाहीतर खालचे सूर तोंडाशीच अडखळतात. आम्ही ४५ सेंटीमीटर व्यास धरला, घेर १४० भरला. गल्लीतले एक चाचा तंबोरे करतात, त्यांना दाखवायला नेले. आम्हाला वाटले होते, तंबोऱ्यासारखे हलके, बोलके लाकूड सांगतील. त्यांनी आमच्या नमुन्यावर बोटाच्या पेराने टकटक केले, तो किंचित गुंजला. चाचांनी मान हलवली. "हे तुम्हाला नको. भोपळा बोलला पाहिजे, तंबोरा त्याच्यावरच जगतो. पण हा हॉर्न बोलायला लागला तर गवय्याच्या गळ्यात स्वतःचा गळा मिसळेल. हा मुका पाहिजे." म्हणून जाड प्लायचे थर एकावर एक चिकटवून, आतून घासून हॉर्न केला आणि बाहेरून डांबर थापले. टकटक केले तर आता भिंतीवर केल्यासारखे वाटते. खाली कोल्हापूरच्या एका साउंडवाल्याकडून घेतलेला पंधरा इंची जुना वूफर, १८ एमएम प्लायच्या खोक्यात. हॉर्न वूफरपेक्षा कितीतरी जास्त बोलतो, म्हणून रेझिस्टर घालून त्याला आवरला. ॲम्प्लिफायर पाच वॅटचा. शेजारच्या काकू दारातून डोकावून म्हणाल्या, "घरात भोंगा लावताय होय?" आपाने त्यांना आत बोलावून ऐकवले. हॉर्न असला म्हणून आवाज मोठा ठेवलाच पाहिजे असे नाही, त्यांच्या घरात काहीही ऐकू जाणार नव्हते.

जोडणी झाली त्या दिवशी धाकट्याने तिलावतीची कॅसेट पुढे केली, कारी अब्दुल बासित यांची. माणसाच्या आवाजावर चाचणी घ्यायची होती. अब्बांनी ती बाजूला ठेवायला लावली. "तिलावत चाचणीसाठी लावायची नसते. ऐकायची असेल तेव्हाच लावायची." मग जुन्या बातम्यांची एक कॅसेट लावली. आम्हाला आवाज ठीक वाटला. अब्बा थोडे ऐकून म्हणाले, "माणूस खांबामागे उभा राहून बोलतोय. तारा उलट्या आहेत." धाकट्याने हॉर्नच्या दोन तारा एकमेकींच्या जागी लावल्या. बातम्या देणारा खांबापुढे आला. वूफर आणि हॉर्न सांध्यावर एकमेकांना मारत होते. आम्हा तिघांच्या धडधाकट कानांना ते कळले नव्हते.

रेकॉर्डीसाठी जाड सुई आणली. एलपीची बारीक सुई ७८च्या खोबणीत तळाशी जाऊन घासते. पुढच्या शुक्रवारी अब्बांनी स्वतः कडी काढली, तबकडी पुसली. खानसाहेबांची भैरवी. आम्ही सगळे जमिनीवर बसलो, आपाची मुलगी अब्बांना टेकून. तीन-साडेतीन मिनिटांचा खेळ. अब्बांचे डोळे मिटलेले, बोटे गुडघ्यावर. गळा कुठे ओलावतो, कुठे थांबतो, ते त्यांच्या भुवयांवर दिसत होते. आपाने आमच्याकडे पाहिले. आम्हाला वाटले, जमले.

रेकॉर्ड संपली. अब्बा हसून म्हणाले, "सुभानअल्लाह! आणि किती साफ झाली रे! खरखर सगळी गेली."

कुणी काही बोलले नाही. खरखर गेली नव्हती. आम्ही चाचांच्या सल्ल्याने स्वतःचे काहीही न मिसळणारा हॉर्न केला होता. त्याने खानसाहेबांचा गळा जसा दिला, तशीच नव्वद वर्षांच्या लाखेची खरखरही सोपाभर पसरली होती. भाईजानांच्या ओठांवर "होय अब्बा" आले असणार. ते बाहेर पडले नाही.

अब्बांचे हसू हळूहळू थांबले. चौतीस वर्षे आवाजाशी ज्याचा संसार, त्याला ते किती वेळ लपून राहणार? "लाखेची रेकॉर्ड," ते म्हणाले, "आणि खरखर नाही?" मग नातीकडे वळले. "बेटा, तुला काही ऐकू येतेय का? तव्यावर पाण्याचे थेंब टाकल्यासारखे?"

"खूप येतेय, नानाजान. पहिल्यापासून." आणि आपले काही चुकले का, म्हणून ती आमच्याकडे बघू लागली.

अब्बांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "म्हणजे रेकॉर्डी झिजल्या नव्हत्या."

"नाही अब्बा," आपा म्हणाली. "आम्ही खोटे बोललो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"भंगारवाल्याला सांगायला दुसऱ्या दिवशी गेलात," अब्बा म्हणाले. रागाने नाही. "मला सांगायला तीन वर्षे?"

त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. आम्ही त्यांना वाईट वाटू नये म्हणून जपत होतो असे स्वतःला सांगत आलो. खरे म्हणजे समोर बसून, ओरडून, पुन्हापुन्हा सांगण्याचे कष्ट आम्ही वाचवत होतो.

त्यांनी खणातून यंत्रे आणायला सांगितली. बॅटरी संपल्या होत्या. धाकटा सायकलवरून जाऊन घेऊन आला. यंत्रे कानात बसवून अब्बांनी तीच रेकॉर्ड पुन्हा लावली. सुई टेकली आणि त्यांचा चेहरा आंबट खाल्ल्यासारखा झाला. "आली," म्हणाले, "आली बाबा!" नात खळखळून हसली आणि तिचे ते हसणेही त्यांना ऐकू आले, कारण ते लगेच तिच्याकडे वळले.

पत्र्याच्या डब्याची तक्रार संपली नव्हती. आपा त्यांना पुन्हा सांगलीला घेऊन गेली, तेव्हा कळले की यंत्रात बोलण्यासाठी एक जुळणी असते आणि गाण्यासाठी वेगळी करून देता येते. आम्ही पहिल्यांदा हे विचारलेच नव्हते. ती करून घेतली. अजूनही काही सूर त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत आणि पोचणारही नाहीत. ते आता तसे सांगतात, आणि आम्हीही "हो" ला "हो" म्हणत नाही.

ईदनंतर भंगारवाल्याचे उरलेले नऊ हजार द्यायला भाईजान गेले, तेव्हा तो म्हणाला, तुमचा तो उस्ताद एकदा ऐकायचा आहे. पुढच्या शुक्रवारी त्याला बोलावले आहे. अब्बांनी कोणती रेकॉर्ड लावायची ते काढून ठेवले आहे, आणि यंत्राच्या बॅटरीही.